वाचकांच्या शंका : सूर्याआधी संध्याकाळ कशी झाली?

मराठीत एक गंमत आहे. बायबललाही आपण ‘पवित्र शास्त्र’ म्हणतो आणि रसायनालाही शास्त्रच म्हणतो. त्यामुळे ‘शास्त्रात असे लिहिले आहे’ म्हणून भांडणारी दोन माणसे पुष्कळदा दोन वेगळ्या ग्रंथांकडे बोट दाखवत असतात. या सदरात एकाला बायबल आणि दुसऱ्याला विज्ञान म्हणू. आलेल्या बहुतेक पत्रांत ‘हा विरोध मिटवून द्या’ अशी मागणी आहे. काही विरोध मिटतात, काही मिटत नाहीत. आणि काही ठिकाणी मूळ दुखण्यापेक्षा त्यावर दिले जाणारे औषधच जास्त बाधते. तेही सांगितले पाहिजे.

प्रश्न : बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पहिल्या दिवशी प्रकाश आणि चौथ्या दिवशी सूर्य. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? ‘एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षांचे युग’ असे मानले तर प्रश्न सुटतो का?

शंका जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने नेमके हेच विचारले होते : सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस आणि त्यांची संध्याकाळ-सकाळ झाली, असे शहाणा माणूस शब्दशः कसे मानील? तेव्हा दुर्बीणही नव्हती आणि डार्विनही नव्हता. म्हणजे हा प्रश्न विज्ञानाने उभा केलेला नाही, मजकूर नीट वाचणाऱ्यानेच केलेला आहे.

‘दिवस म्हणजे युग’ हा उपाय वरवर सोपा दिसतो. हिब्रू ‘योम’ हा शब्द लांब काळासाठीही येतो, हे खरे. पण अडचण दिवसाच्या लांबीत नाही, क्रमात आहे. फळझाडे तिसऱ्या दिवशी, जलचर पाचव्या दिवशी. जीवाश्मांत मासे पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत, तर फुले-फळे देणाऱ्या वनस्पती साधारण १३ कोटी वर्षांच्या. पक्षी पाचव्या दिवशी, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. जीवाश्मांत चार पायांचे प्राणी आधी येतात आणि पक्षी साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, बऱ्याच नंतर. दिवस कितीही ताणला तरी क्रम बदलत नाही.

‘पहिल्या दिवसाचा प्रकाश म्हणजे महास्फोटाचा प्रकाश’ हेही वारंवार लिहून येते. तसे लिहिणाऱ्यांनी एक वचन मागे जावे. दुसऱ्या वचनात, प्रकाशाच्या आधीच, पृथ्वी आणि पाणी दोन्ही आहेत. महास्फोटानंतर विश्व प्रकाशाला पारदर्शक व्हायला सुमारे ३,८०,००० वर्षे लागली. तेव्हा पाणी सोडाच, पाण्यातला ऑक्सिजनही तयार झालेला नव्हता.

मग मजकूर काय करतो आहे? सहा दिवस तीन-तीनच्या दोन रांगांत मांडून पाहा. पहिल्या रांगेत जागा तयार होतात : प्रकाश आणि अंधार, वरचे आणि खालचे जल, कोरडी भूमी. दुसऱ्या रांगेत त्याच जागा त्याच क्रमाने भरल्या जातात : ज्योती, पक्षी आणि मासे, पशू आणि मनुष्य. पहिल्या दिवसाची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी. ही कालानुक्रमाची नोंद नाही, रचना आहे. शिवाय सोळाव्या वचनात सूर्य आणि चंद्र यांची नावेच नाहीत. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच आहे. हिब्रूत सूर्याला ‘शेमेश’ म्हणत आणि शेजारच्या बाबेलात ‘शमाश’ हा देव होता. ज्याला शेजारी पुजतात त्याला इथे नावही नाही, आणि कामाला लावलाय तोही चौथ्या दिवशी. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हा टोला लगेच कळला असणार.

आणखी एक पुरावा बायबलमध्येच आहे. दुसऱ्या अध्यायात क्रम वेगळा आहे : आधी मनुष्य, मग बाग, मग पशुपक्षी, शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी-शेजारी ठेवले त्यांना वाचता येत होते. त्यांना क्रम महत्त्वाचा वाटला असता तर एक तरी जुळवून घेतला असता.

प्रश्न : वंशावळ्यांतील वर्षांची बेरीज करून पृथ्वी सहा हजार वर्षांची ठरते, असे आमच्या मंडळीत शिकवतात. बेरजेत चूक कुठे आहे?

बेरीज बरोबर आहे, आकडे डळमळीत आहेत. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये निर्मितीचे वर्ष इ. स. पू. ४००४ काढले. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले आणि लोकांना ते बायबलचाच भाग वाटू लागले.

आता उत्पत्ती ५ उघडा. हिब्रू मसोरा पाठात, म्हणजे ज्यूंच्या प्रमाण पाठात, शेथ झाला तेव्हा आदामाचे वय १३० आहे. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते २३० आहे. असे फरक साठत जातात. निर्मितीपासून जलप्रलयापर्यंत मसोरा पाठात १६५६ वर्षे, शोमरोनी पंचग्रंथात (शोमरोनी समाजाने जपलेल्या पहिल्या पाच पुस्तकांत) १३०७, ग्रीकमध्ये २२४२. प्रलयापर्यंतच ९३५ वर्षांचे अंतर पडले. दुसरी गोष्ट, वंशावळीत पिढ्या गाळण्याची रीत होती. मत्तय १:८ मध्ये योरामाला उज्जीया झाला असे आहे. १ इतिहास ३:११-१२ शी ताडून पाहा, मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गायब आहेत. मत्तयाला चौदा-चौदाचे तीन गट हवे होते. लूक ३:३६ मध्ये एक केनान जास्त आहे, तो हिब्रू उत्पत्तीत त्या जागी नाही. जी यादी वारस दाखवण्यासाठी लिहिली, तिच्यातून भूगर्भाचे वय काढणे म्हणजे सातबाऱ्यावरून पावसाचा अंदाज बांधणे.

उलट बाजूची एक चूकही इथेच निस्तरू. ‘कार्बन पद्धत बेभरवशाची, म्हणून पृथ्वी तरुण’ असा युक्तिवाद काही जण करतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. नऊ अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे ५१,५०० वर्षांत, मूळ कार्बन-१४ चा ५१२ वा भाग उरतो. त्यापुढे मोजण्यासारखे फारसे राहत नाही. म्हणून खडकांच्या वयासाठी ही पद्धत वापरतच नाहीत. पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे हे वय युरेनियमपासून तयार होणाऱ्या शिशावरून निघते, आणि युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे.

प्रश्न : नासाच्या संगणकाला काळाच्या गणितात एक दिवस कमी आढळला आणि तो यहोशवाच्या १० व्या अध्यायात, जिथे यहोशवाच्या आज्ञेने सूर्य थांबतो, सापडला, असा संदेश दरवर्षी फिरतो. खरे काय?

खोटे आहे. कृपया पुढे पाठवू नका. नासाच्या आधीही, १८९० मध्ये, चार्ल्स टॉटन नावाच्या गृहस्थांनी संगणकाशिवाय हाच ‘हरवलेला दिवस’ काढून दाखवला होता.

गणितच शक्य नाही, ते का ते समजून घ्या. ग्रहांच्या आजच्या स्थितीवरून मागे मोजत गेलात तर ‘तेव्हा ग्रह कुठे असायला हवे होते’ एवढेच कळते. दिवस हरवला हे कळायला त्या काळाआधीची, तारीख-वेळ पक्की असलेली स्वतंत्र नोंद हातात हवी. अशी नोंद नाही. हिशेब करायला वहीची दोन्ही पाने लागतात, इथे एकच आहे.

त्या संदेशातला सर्वांत चतुर भाग म्हणजे यहोशवाचे २३ तास २० मिनिटे अधिक ४० मिनिटे, मिळून एक दिवस. ही ४० मिनिटे हिज्कीया राजाच्या प्रसंगातून आणली आहेत (२ राजे २०:९-११) : छाया दहा ‘अंश’ मागे गेली, आणि आकाशाचे दहा अंश म्हणजे ४० मिनिटे. पण हिब्रूत तिथे ‘मआलोत’ आहे, म्हणजे पायऱ्या. छाया दहा पायऱ्या मागे सरली. ‘अंश’ हा जुन्या इंग्रजी भाषांतराचा शब्द. म्हणजे विश्वाचे गणित एका भाषांतरावर जुळवले आहे.

यहोशवाच्या वचनाचे काय? १०:१२-१३ मधील सूर्याला उद्देशून केलेली आज्ञा हे काव्य आहे आणि ते ‘याशारच्या पुस्तकातून’ घेतले असे मजकूरच सांगतो. ‘दोम’ या क्रियापदाचा अर्थ ‘गप्प हो, थांब’. त्यावरून २०१७ मध्ये कॉलिन हम्फ्रीज आणि ग्रेम वॉडिंग्टन यांनी हा ३० ऑक्टोबर इ. स. पू. १२०७ च्या कंकणाकृती सूर्यग्रहणाचा उल्लेख असावा असे मांडले : सूर्य चालायचा नव्हे, तळपायचा थांबला. कल्पना विचार करण्यासारखी आहे. आमच्या मते ती तोकडी पडते, कारण पुढच्याच ओळीत सूर्य ‘सुमारे पूर्ण दिवसभर’ मावळायला गेला नाही असे आहे आणि कंकणावस्था काही मिनिटांत संपते.

प्रश्न : शलमोनाच्या मंदिरातील गंगाळसागराचा, म्हणजे पाण्याच्या ओतीव कुंडाचा, व्यास १० हात आणि घेर ३० हात (१ राजे ७:२३). म्हणजे पायची (π, घेर भागिले व्यास) किंमत ३? देवाला भूमिती येत नव्हती का?

हा बायबलवरचा सर्वांत लाडका आणि सर्वांत लेचापेचा आक्षेप. मापे पूर्ण हातांत दिली आहेत. खरा व्यास ९.६ हात असेल तर घेर ३०.१६ येतो. पूर्णांकात लिहा : १० आणि ३०. संपले.

काही जण अधिक बारीक उत्तर देतात. तीन वचने पुढे जाडी चार बोटे, म्हणजे एक मूठ दिली आहे. सहा मुठींचा हात धरला तर बाहेरचा व्यास ६० मुठी. दोन्ही बाजूंची जाडी वजा करून आतला ५८. घेर १८० मुठी. १८० भागिले ५८ बरोबर ३.१०. बरे दिसते, पण त्यासाठी व्यास बाहेरून घ्यायचा की आतून हे उत्तर बघून ठरवावे लागते. पूर्णांकाचे साधे उत्तर पुरेसे असताना ही कसरत कशाला?

खरी अडचण कोणी विचारत नाही, ती घनफळात आहे. १ राजे ७:२६ मध्ये त्यात २,००० बथ पाणी मावते. २ इतिहास ४:५ मध्ये ३,०००. एक बथ सुमारे २२ लिटर धरतात. म्हणजे ४४,००० किंवा ६६,००० लिटर. खोली ५ हात दिली आहे. ४५ सेंटिमीटरचा हात धरून सरळ भिंतीचे भांडे कल्पिले तर आत जेमतेम ३२,००० लिटर मावते. २ इतिहास ३:३ मध्ये ‘पूर्वीच्या मापाचे हात’ असा उल्लेख आहे. तो सात मुठींचा, सुमारे ५२ सेंटिमीटरचा हात असेल तर ५२,००० लिटरच्या आसपास जाते. २,००० बथ बसले. पण भांडे अर्धगोल असेल तर तेही बसत नाहीत, आणि ३,००० तर कोणत्याच हिशेबाने नाहीत. नकलनविसाची चूक असेल, मापाचा फरक असेल. हा आकडा जुळत नाही, असे म्हणून पुढे जावे.

प्रश्न : लेवीय ११ मध्ये, म्हणजे कोणते प्राणी खावेत याच्या नियमांत, ससा रवंथ करतो, वटवाघूळ पक्ष्यांत आणि टोळ चार पायांवर चालतो. शाळेत मुलांना काय सांगावे?

तिन्हीला एकच उत्तर देऊ नका. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

वटवाघळाची गोष्ट सोपी. तिथला हिब्रू शब्द ‘ओफ’ म्हणजे उडणारे. पिसे, अंडी, सस्तन हा विचारच तिथे नाही. आजचे वर्गीकरण आपल्याला जन्मापासून असल्यासारखे वाटते, पण ते घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने आपल्या ग्रंथाच्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांतच ठेवले होते. सस्तन प्राण्यांत तो १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत गेला. योनाच्या ‘मोठ्या माशा’लाही हेच लागू.

टोळाच्या बाबतीत वचन २१ नीट वाचा. ‘चारांवर चालणारे’ हा सरपटत्या चालीचा वाक्प्रचार. त्याशिवाय उडी मारण्यासाठी पायांच्या वर असलेले पाय वेगळे मोजले आहेत. चार आणि दोन, सहा. जे लोक टोळ धरून खात होते त्यांना त्याचे पाय मोजता येत नव्हते असे मानणे धाडसाचे आहे.

ससा मात्र अर्धाच सुटतो. ससे मऊ लेंड्या टाकून त्या पुन्हा खातात, त्यामुळे अन्न दोनदा पचते; परिणाम रवंथासारखाच. पण हिब्रू शब्दप्रयोग ‘चघळलेले वर आणणे’ असा आहे, आणि सशाच्या पोटातून तोंडात काही परत येत नाही. शिवाय आदल्याच वचनातला शाफान, म्हणजे खडकांत राहणारा हायरॅक्स, ही युक्तीही करत नाही. तो नुसता जबडा आडवा हलवत बसतो. ससाही तसाच दिसतो. बहुधा नियमाची कसोटी तीच होती : जबडा बघा, खूर बघा. खाटकाला आणि गुराख्याला लांबून ओळखता यावे म्हणून केलेला नियम आहे, जठराचे विच्छेदन करून नव्हे.

प्रश्न : जलप्रलय जगभर झाला की एका प्रदेशात?

जगभराचा हिशेब बसत नाही. पृथ्वीचे पृष्ठफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. एव्हरेस्ट बुडवायला त्यावर जवळजवळ ९ किलोमीटर पाणी हवे; ते आजच्या सर्व महासागरांतील पाण्याच्या तिपटीहून अधिक होते. ते आले कुठून आणि गेले कुठे? अंटार्क्टिकात सुमारे ८ लाख वर्षांचा बर्फ थरावर थर शाबूत आहे, मध्ये पुराची खूण नाही.

हिब्रू ‘एरेत्स’ म्हणजे पृथ्वीही आणि मुलूखही. उत्पत्ती ४१:५७ मध्ये ‘सर्व पृथ्वी’ धान्य घ्यायला मिसरात येते, तेव्हा कोणी दूरच्या खंडांचा विचार करत नाही. म्हणून प्रादेशिक पुराचे वाचन भाषेत बसते. त्याला एकच प्रश्न विचारा : पूर एका मुलखातला होता, तर सुमारे १३५ मीटर लांबीचे तारू बांधण्याऐवजी नोहा चालत दुसऱ्या मुलखात का गेला नाही? यावर भूगर्भशास्त्राकडे उत्तर नाही. कथा काय सांगते याकडेच वळावे लागते.

प्रश्न : वधस्तंभाच्या वेळी पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण होते का?

नाही, आणि हे ठामपणे सांगता येते. येशूला वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी वधस्तंभावर दिले. वल्हांडण पौर्णिमेला येतो, सूर्यग्रहण अमावास्येला. शिवाय खग्रास अवस्था फार तर साडेसात मिनिटे टिकते. शुभवर्तमानांत अंधार तीन तासांचा आहे. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने पौर्णिमेचा मुद्दा मांडून ग्रहणाचे स्पष्टीकरण नाकारले होते. उरतात ते धुळीचे वादळ, दाट ढग, ‘मी भरदुपारी सूर्य मावळवीन’ या आमोस ८:९ च्या भाषेतले वर्णन, किंवा चमत्कार. निवड करा, पण ग्रहण यादीत घेऊ नका.

प्रश्न : यशया ४०:२२ मध्ये पृथ्वी गोल आहे आणि ईयोब २६:७ मध्ये ती अधांतरी टांगली आहे. मग बायबलने विज्ञान आधीच सांगितले होते, असे म्हणायला काय हरकत?

हरकत आहे. यशयातला शब्द ‘खूग’ म्हणजे वर्तुळ; चेंडूसाठी त्याच पुस्तकात (२२:१८) वेगळा शब्द आहे. आणि ईयोबाच्या त्याच अध्यायात चार वचने पुढे आकाशाचे स्तंभ थरथरतात. सातवे वचन भौतिकी आणि अकरावे काव्य, हे ठरवायचे कशावरून? आपल्याला सोयीचे ते विज्ञान, गैरसोयीचे ते अलंकार, अशी वाटणी ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात ‘प्रकाश होवो’चा पडताळा पाहिला, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच. कारण व्यवहारी आहे : श्रद्धा आजच्या सिद्धांताच्या खुंटीला बांधली की उद्या सिद्धांत बदलल्यावर ती कुठे बांधणार?

प्रश्न : रविवारशाळेत मुले विचारतात, उत्क्रांती खरी असेल तर आदाम खोटा का? आणि आदाम उपमा, तर पुनरुत्थानही उपमाच का नाही?

आधी मुलाला नेमके काय टोचते आहे ते विचारा. तीन वेगळे प्रश्न असू शकतात : माणूस माकडापासून आला का, आदाम नावाचा एक माणूस होता का, पाप कुठून आले. पहिल्याचे उत्तर : आजच्या माकडांपासून नाही, माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एक. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन गुणसूत्रे जुळून झालेले आहे आणि सांधा अजून दिसतो. दुसऱ्यावर ख्रिस्ती विद्वानांत एकमत नाही. कोणी आदामाला अनेकांतला निवडलेला एक मानतो, कोणी सर्व मानवजातीचे रूप. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे मनुष्य आणि ‘अदामा’ म्हणजे माती. ‘मायटोकॉन्ड्रियल हव्वा’, म्हणजे आईकडून आईकडे मागे गेले की आजच्या सर्व माणसांची जी एक पूर्वज निघते ती, सापडल्याचे ऐकले असेल. ती तेव्हाची एकमेव स्त्री नव्हती, फक्त तिची आईकडची साखळी तुटली नाही. ती बायबलमधल्या हव्वेचा पुरावा म्हणून देऊ नका. तिसरा प्रश्न प्रयोगशाळेत जातच नाही.

पुनरुत्थानाची गोष्ट निराळी, कारण लेखनाचा प्रकार निराळा. १ करिंथ १५ मध्ये पौल साक्षीदारांची यादी देतो आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत असे सांगतो; घडले नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असेही तोच लिहितो. उपमा देणारा असे बोलत नाही. इथे विरोधाचा प्रकारही वेगळा. मेलेली माणसे उठत नाहीत हे येशूचा शिष्य थोमा याला आपल्याइतकेच ठाऊक होते, म्हणून तर त्याने खिळ्यांच्या खुणा मागितल्या. दावा हा आहे की नेहमीचा क्रम एकदा मोडला. नेहमीचा क्रम काय हे विज्ञान सांगते. एकदा काय घडले हे साक्षीपुराव्यावर ठरवावे लागते. मुलाला ते पटेलच असे नाही, पण दोन प्रश्न एक नाहीत हे पटते.

प्रश्न : मोहरीचा दाणा सर्व बियांत लहान (मत्तय १३:३२). ऑर्किडचे बी त्याहून कितीतरी बारीक असते ना?

असते, धुळीसारखे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. मोहरीचा दाणा एक-दोन मिलिमीटरचा. पण आधीचे वचन पाहा : माणसाने तो ‘आपल्या शेतात पेरला’. त्या शेतकऱ्याच्या झोळीत ऑर्किड नव्हते.